औषधांची निविदा मुंबईत, उधारी चंद्रपुरात

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात औषधसाठ्याची खरी मुदत मार्चअखेर नसून मेअखेर असते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या या तालुक्याच्या ठिकाणचा संपर्क पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की तुटतो, आणि आजवर जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात तो कधी ना कधी तुटलेला आहे. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच दुर्गम गावांसाठी धान्य आणि औषधे पोहोचविण्याची प्रथा प्रशासनाने वर्षानुवर्षे पाळली आहे. हिवताप, सर्पदंश, अतिसार हे सारे नेमके याच महिन्यांत वाढते. निविदा उघडण्यास झालेला एक महिन्याचा उशीर मुंबईत एक महिन्याचाच असतो. भामरागडात तो चार महिन्यांचा होतो.

गेल्या दशकात महाराष्ट्राने सरकारी रुग्णालयांसाठीच्या औषध आणि उपकरण खरेदीची पद्धत मुळापासून बदलली, तीही दोनदा. २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा होऊन महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. या बदलांवर विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. तिचा रोख दोनच गोष्टींवर होता: खरेदीतील भ्रष्टाचार आणि रुग्णालयांतील तुटवडा. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला तिसरा घटक, म्हणजे माल पोहोचविणारा पुरवठादार, चर्चेत आला तो बहुधा आरोपी म्हणूनच. तसे होण्यास कारणे आहेत आणि त्यांकडे पुढे वळावेच लागेल. परंतु पुरवठादाराचे व्यवहारगणित समजून घेतल्याशिवाय चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांत गोळी का पोहोचत नाही, हे कळत नाही.

आधी काय होते?

पूर्वीची व्यवस्था दरकरारावर चाले. राज्य पातळीवर वस्तूचे दर ठरत आणि जिल्ह्यातील अधिकारी त्या दराने पुरवठा आदेश काढीत. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जिल्हा व ग्रामीण रुग्णालये, जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे, आणि वैद्यकीय महाविद्यालय असेल तेथे अधिष्ठाता. प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे, प्रत्येकाची खरेदी वेगळी. या पद्धतीत दोष ढळढळीत होते. एकाच गोळीचा दर शेजारच्या दोन जिल्ह्यांत वेगवेगळा पडे, नको असलेल्या औषधांचे खोके भांडारात साचत आणि मुदत संपून फेकले जात. २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागातील औषध खरेदीवरून मोठा वाद झाला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. खरेदी विभागाकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावी, या मागणीला त्यातून जोर आला.

जुन्या पद्धतीचे समर्थन करण्याचे कारण नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र होती, जी नव्या पद्धतीत हरवली: खरेदी करणारा आणि माल देणारा एकमेकांना ओळखत होते. ही ओळख लाचखोरीची वाट होती, तशीच अडीनडीची सोयही होती. चंद्रपूरच्या घाऊक विक्रेत्याला आरोग्य केंद्रातून निरोप गेला की सलाईनच्या बाटल्या संध्याकाळच्या गाडीने निघत आणि कागद मागाहून होत. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने ही अनियमितता होती. एटापल्लीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दृष्टीने तीच व्यवस्था होती.

हाफकिनचा प्रयोग

हाफकिन हे नाव महाराष्ट्राला परके नाही. प्लेगच्या साथीत लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्या नावाची ही संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून परळला उभी आहे आणि तिच्यातून १९७५ मध्ये निर्माण झालेले महामंडळ लशी व सर्पदंशावरील प्रतिविष तयार करीत आले आहे. या महामंडळाला २०१७ च्या जुलैमध्ये सरकारने सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांच्या खरेदीचे काम सोपविले. औषध निर्माण करणे आणि संपूर्ण राज्यासाठी हजारो वस्तूंच्या निविदा काढणे, ही दोन अगदी भिन्न कौशल्ये आहेत. निविदा कक्ष उभारावा लागला, वस्तूंच्या याद्या एकसारख्या कराव्या लागल्या, विनिर्देश ठरवावे लागले. तोवर रुग्णालयांनी आपला निधी महामंडळाकडे वर्ग केलेला होता आणि जिल्ह्यांना स्थानिक खरेदीची मुभा तरतुदीच्या दहा टक्क्यांच्या आसपासच होती. पुढे ती वाढवावी लागली, यातच प्रयोगाची कहाणी आली. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या सार्वजनिक आरोग्यविषयक अहवालानेही या काळातील पुरवठ्याच्या विलंबावर बोट ठेवले.

पुरवठादारांच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय झाला? मोठ्या उत्पादकांना तो सोयीचा होता. छत्तीस जिल्ह्यांच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी एकाच ठिकाणी निविदा भरायची, एकदाच कागदपत्रे द्यायची. लहान वितरकांची मात्र दारे बंद झाली. केंद्रीय निविदेत किमान वार्षिक उलाढालीची अट असते, उत्तम निर्मिती पद्धतीचे प्रमाणपत्र लागते, मागील पुरवठ्याचा अनुभव दाखवावा लागतो, बयाणा रक्कम आणि नंतर सुरक्षा ठेव भरावी लागते. गुणवत्तेच्या दृष्टीने या अटी रास्त आहेत. कोणत्याही वितरकाला कोठूनही माल आणून सरकारी दवाखान्यात ओतण्याची मोकळीक असू नये. परंतु यामुळे चंद्रपूर, वडसा किंवा अहेरीच्या व्यापाऱ्याची भूमिका बदलली. तो पूर्वी विक्रेता होता. आता तो निविदा जिंकलेल्या दूरच्या कंपनीचा माल उतरवून घेणारा, पोचपावती आणणारा आणि देयकामागे हिंडणारा मध्यस्थ झाला, किंवा स्थानिक खरेदीच्या तुटपुंज्या टक्क्यांवर विसंबून राहिला.

उधारीचे गणित

सरकारी पुरवठ्यातील खरी किंमत दरपत्रकात दिसत नाही, ती पैसे मिळण्याच्या तारखेत असते. एक साधा हिशेब पाहू. समजा, गडचिरोलीतील एका वितरकाने दहा लाख रुपयांची औषधे पुरविली. घाऊक औषध व्यापारात नियंत्रित औषधांवर रूढ असलेला नफा आठ टक्क्यांचा, म्हणजे ऐंशी हजार रुपये. बँकेच्या कर्जाचा दर वर्षाला बारा टक्के धरला तर दहा लाखांवर महिन्याला दहा हजार रुपये व्याज होते. देयक आठ महिने थकले की नफा शून्यावर येतो. नवव्या महिन्यापासून तो वितरक सरकारला औषधे देत नसून कर्ज देत असतो, आणि तेही स्वतःच्या खिशातून व्याज भरून. यात वाहतूक, नोकरांचा पगार, फुटलेल्या बाटल्या धरलेल्याच नाहीत.

नागपूरच्या गांधीबागेतील घाऊक औषध बाजार हा विदर्भाच्या औषध व्यापाराचा कणा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचे वितरक बहुतांश माल तेथूनच उचलतात, आणि तेथील उधारीची मुदत आठवड्यांत मोजली जाते, महिन्यांत नाही. म्हणजे वितरकाला माल घेताना पैसे लवकर द्यायचे आणि विकताना उशिरा घ्यायचे. नागपूर ते भामरागड हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. शेवटच्या शंभर किलोमीटरसाठी गाडी मिळविणे हे आधीच्या अडीचशे किलोमीटरपेक्षा महाग पडते, कारण परतीचा माल नसतो. निविदेतील दर मात्र बहुधा ‘रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोच’ अशा अटीचा आणि राज्यभर एकच असतो. ठाण्याला आणि कोरचीला एकाच दराने माल पोहोचवायचा असेल तर पुरवठादार कोणाला आधी माल देईल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. विलंबाबद्दल दंडाची तरतूद करारात असते. देयक उशिरा दिल्याबद्दल सरकारला दंड करण्याची तितकीच सोपी तरतूद सहसा नसते.

येथे कायद्यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे आणि तो बऱ्याच व्यापाऱ्यांनाही उशिरा कळतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि दाद मागण्यासाठी सुविधा परिषद असते. ही ढाल वस्तू निर्माण करणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणीची दारे उघडली खरी, पण लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच मर्यादित ठेवला. थकीत देयकांचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. परिणामी बद्दी किंवा अहमदाबादचा लघुउत्पादक निदान तक्रार तरी करू शकतो. चंद्रपूरचा औषध वितरक मात्र कोषागाराच्या खिडकीपाशीच थांबतो. लहान व्यापाऱ्याने सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावावा, ही अपेक्षा कागदावरच शोभते, कारण पुढच्या वर्षीची दरपत्रके त्याच कार्यालयात द्यायची असतात.

देयके थकतात ती नेहमीच कोणाच्या दुष्ट हेतूमुळे नव्हे. जिल्ह्यात पैसा अनेक वाटांनी येतो. राज्याच्या अर्थसंकल्पातील औषधांची तरतूद, जिल्हा वार्षिक योजना, आदिवासी उपयोजना, राष्ट्रीय आरोग्य अभियान, आणि चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठानचा निधी. प्रत्येक वाटेची मंजुरी वेगळी, उपयोगिता प्रमाणपत्र वेगळे. निधीचे वितरण हप्त्याने होते आणि मोठा हप्ता पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो. मग मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून घाईने आदेश निघतात. त्या पंधरवड्यात ज्याच्याकडे माल तयार आहे तोच पुरवठादार टिकतो, मग त्या मालाची मुदत कमी उरलेली असो की त्याची तातडीची गरज नसो. मे महिन्यात भामरागडला काय हवे आहे, याचा विचार मार्चच्या त्या घाईत कोण करणार?

हे केवळ वनजिल्ह्यांचे दुखणे आहे, असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांना औषधे देणाऱ्या वितरकांनीही थकबाकीच्या कारणावरून पुरवठा थांबविण्याचा पवित्रा घेतला होता. फरक इतकाच की मुंबईत रुग्णालयाच्या समोरच औषधांची दहा दुकाने असतात. नातेवाईक चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडतात आणि खिशाला चाट बसली तरी औषध मिळते. धानोरा किंवा मुलचेरा तालुक्यातील एखाद्या आरोग्य केंद्रासमोर ओलांडण्यासारखा असा रस्ता नसतो. स्थानिक खरेदीचा अधिकार कितीही टक्के वाढविला, तरी विकणारा स्थानिक उरला नसेल तर त्या अधिकाराने काय विकत घ्यायचे?

सिरोंच्याची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. गोदावरी आणि प्राणहितेच्या काठचा हा तालुका व्यवहाराने तेलंगणाशी जोडलेला आहे. पूल झाल्यापासून रुग्ण मंचेरियाल किंवा वरंगळला जातात, बाजारही तिकडचाच जवळ. सरकारी औषध मात्र नागपूर-गडचिरोलीच्या वाटेने, जंगलातील रस्ता तुडवीतच यावे लागते. राज्याच्या सीमा औषधांच्या सोयीसाठी आखलेल्या नसतात हे खरे. तरीही निविदेत तालुकानिहाय वाहतूक दर का नसावा, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

कमी मागणीची औषधे

मोठ्या प्रमाणातील खरेदीचा लाभ पॅरासिटामॉलला होतो. कोट्यवधी गोळ्या लागतात, उत्पादक पुष्कळ, स्पर्धा चांगली, दर उतरतो. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीचे आजार राज्याच्या सरासरीसारखे नाहीत. सिकलसेल हा येथील मोठा प्रश्न आहे, आणि त्यावरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध रुग्णाला वर्षानुवर्षे, खंड न पडता घ्यावे लागते. लहान मुलांसाठी त्याची मात्रा वजनाप्रमाणे बदलते. अशा औषधाची राज्याची एकूण मागणी थोडी, बोली लावणारे थोडे. पुरेशा निविदा आल्या नाहीत की फेरनिविदा, पुन्हा मुदतवाढ, पुन्हा तपासणी, असे चक्र फिरते. केंद्राने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासण्या वाढल्या म्हणजे औषध घेणारेही वाढणार. निदान झाले आणि गोळी नाही, ही अवस्था निदान न होण्याइतकीच वाईट. एका अर्थी अधिक वाईट, कारण रुग्णाचा दवाखान्यावरचा विश्वास त्यात जातो, आणि तो गेला की पुढच्या वेळी पुजाऱ्याची वाट जवळची वाटते.

प्रतिविषाचेही तसेच. राज्यात ते लागते सर्वत्र, पण भातशेती आणि जंगल असलेल्या पूर्व विदर्भात अधिक, आणि तेही मोजक्या महिन्यांत. त्याचे उत्पादन घोड्यांच्या रक्तद्रव्यावर अवलंबून असल्याने मागणी वाढली म्हणून रातोरात वाढविता येत नाही. उत्पादकाला किमान सहा महिने आधी खात्रीची मागणी कळली पाहिजे. निविदा जूनमध्ये उघडून जुलैमध्ये कुपी मागणे हे व्यापाराच्या आणि विज्ञानाच्या दोन्ही नियमांत बसत नाही.

उपकरणांची कथा थोडक्यात सांगता येते. केंद्राने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेमुळे चंद्रपूरच्या शस्त्रक्रिया-साहित्य विक्रेत्याची स्पर्धा थेट अंबाल्याच्या व्यापाऱ्याशी झाली. दर उतरले, पारदर्शकता वाढली. माल स्वीकारल्याचे प्रमाणपत्र निघाल्यापासून दहा दिवसांत पैसे देण्याचा नियमही तेथे आहे. घोडे अडते ते त्या प्रमाणपत्रापाशी. आणि यंत्र बंद पडल्यावर अंबाल्याहून तंत्रज्ञ एटापल्लीला येण्यास किती दिवस लागतात, हा प्रश्न न्यूनतम दराच्या रकान्यात बसत नाही.

संशयाला जागा आहे

पुरवठादारांविषयी सहानुभूती बाळगताना नागपूरचे प्रकरण विसरून चालणार नाही. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने घेतलेल्या प्रतिजैविकाच्या नमुन्यांत औषधाचा अंशही आढळला नाही. तपासाचा धागा महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतून उत्तराखंडातील हरिद्वारपर्यंत गेला. जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्च मिसळून या गोळ्या बनत होत्या, असे सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी दाखल केलेल्या सुमारे बाराशे पानांच्या आरोपपत्रात म्हटले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातील बनावट गोळ्यांचे प्रकरण पुढे आले.

या साखळीत निविदा भरणारा एक, माल आणणारा दुसरा, त्याला देणारा तिसरा. प्रत्येक कडी थोडा नफा काढते आणि तरीही अंतिम दर सर्वांत कमी असतो. हे कसे शक्य होते, हा प्रश्न दर मंजूर करणाऱ्यांनी विचारायला हवा होता. न्यूनतम दराचा आग्रह आणि पैशाची अनिश्चिती एकत्र आली की प्रामाणिक व्यापारी हळूहळू बाजूला होतो. त्याला दर परवडत नाही आणि थकबाकी सोसत नाही. उरतात ते दोन प्रकारचे लोक: वर्षभर पैसे अडकवून ठेवण्याची ऐपत असलेले मोठे, आणि गोळीत औषधच न घालणारे. शेवटच्या माणसाला उधारीची भीती नसते, कारण त्याचा माल जवळजवळ फुकटच असतो.

नवे प्राधिकरण

२०२३ हे वर्ष या सगळ्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. निर्णय योग्यच, पण त्यामुळे बाह्यरुग्ण विभागांतील गर्दीबरोबर औषधांची मागणीही वाढली. आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा रिक्त पदांबरोबर खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याचा मुद्दाही पुढे आला. कायदा झाला, पण तो चालविणारा माणूस अतिरिक्त कार्यभारावर, हा आपल्याकडील परिचित क्रम येथेही चुकला नाही.

प्राधिकरणाचा आदर्श म्हणून तामिळनाडूचे नाव नेहमी घेतले जाते. तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्याचे यश केवळ केंद्रीय निविदेत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत महामंडळाची गोदामे आहेत. उत्पादक माल गोदामापर्यंत आणतो आणि पुढची जबाबदारी महामंडळाची. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक आहे. त्यात वर्षाची रक्कम नोंदलेली असते आणि आपल्या गरजेप्रमाणे रुग्णालय गोदामातून औषधे उचलते. नमुन्यांवरील कंपनीचे नाव झाकून ते तपासणीला पाठविले जातात. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणताना हाच नमुना घेतला. आपण तामिळनाडूची निविदा उचलली, गोदाम आणि पासबुक तेथेच राहिले. परिणामी चौदा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या, तीन चतुर्थांश जंगल असलेल्या गडचिरोलीत शेवटच्या टप्प्याचे ओझे पुरवठादाराच्या शिरावर पडले, किंवा आरोग्य विभागाच्या जुन्या गाडीवर.

गुणवत्तेच्या बाजूनेही नियम कडक होत आहेत. औषधनिर्मितीच्या सुधारित ‘अनुसूची एम’ची अधिसूचना जानेवारी २०२४ मध्ये निघाली, लघु व मध्यम उत्पादकांना तिची पूर्तता करण्यासाठी २०२५ अखेरपर्यंत मुदत वाढवून मिळाली. बनावट गोळ्यांच्या प्रकरणांनंतर ही कडकपणाची दिशा योग्यच म्हणावी लागेल. परंतु ज्यांना हा खर्च झेपणार नाही असे लहान कारखाने सरकारी निविदेतून गळतील, आणि स्वस्त, कमी नफ्याच्या औषधांना बोली लावणारे आणखी कमी होतील, हे गृहीत धरूनच पुढच्या निविदा आखाव्या लागतील.

यातून मार्ग काढण्यास नव्या महामंडळाची वा आणखी एका कायद्याची गरज नाही. दर केंद्राने ठरवावा, नमुने केंद्राने तपासावेत, पण पैसे जिल्ह्याच्या गोदामात माल उतरल्याच्या तारखेपासून मोजलेल्या दिवसांत, निविदेपूर्वीच बाजूला ठेवलेल्या निधीतून मिळावेत. तसे झाले तर दरही उतरेल, कारण आज प्रत्येक शहाणा पुरवठादार थकबाकीचे व्याज बोलीतच धरतो. गोदामापासून आरोग्य केंद्रापर्यंतची वाहतूक औषधाच्या दरातून वेगळी काढून तिचे स्वतंत्र कंत्राट स्थानिक वाहतूकदारांना द्यावे. कोरची, भामरागड, सिरोंचा येथील दर ठाण्याहून वेगळा असेल आणि तो असायलाच हवा. पावसाळ्यात तुटणाऱ्या तालुक्यांसाठीची निविदा डिसेंबरात निघाली तरच माल मेपर्यंत पोहोचतो. मार्चच्या हप्त्यावर ती टांगून ठेवली तर नाही.

चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले, गडचिरोलीला २०२४ मध्ये. नव्या महाविद्यालयामुळे शंभर विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि वाढत्या खाटा येतील. त्याबरोबर सलाईन, सुया, धागे, रक्तपिशव्या, भूल देण्याची औषधे यांची मागणी येईल, आणि जिल्ह्यात खरेदीचे आणखी एक दार उघडेल, वेगळ्या विभागाचे, वेगळ्या लेखाशीर्षाचे. वडसा, चामोर्शी आणि अहेरीच्या वितरकांपैकी किती जण त्या दारात दरपत्रक घेऊन जातील, हे जुन्या देयकांचा निकाल कधी लागतो यावर ठरेल.